नागपूरजवळचे वाकलेले दगड कसे वाचायचे: हातभर घडीपासून खंडांच्या टकरीपर्यंत

जिऑलॉजी शिकणारी पोरं हिमालयाचे फोटो बघून म्हणतात की खऱ्या घड्या (वाकलेले थर) आणि खरे फॉल्ट (दोन बाजू सरकलेल्या भेगा) बघायचे तर तिकडेच जावं लागतं. पण नागपुरात राहणाऱ्याला त्यासाठी फक्त जबलपूर रोडला लागायचंय. आपलं शहर अशा जागी बसलंय जिथे तीन वेगवेगळ्या काळांचे दगड एकमेकांना भिडतात. पश्चिमेकडे, सीताबर्डीच्या टेकडीत आणि सेमिनरी हिल्सवर, जो काळा बेसॉल्ट दिसतो तो दख्खनचा लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांचा आणि जवळपास आडवा. कामठी आणि उमरेडकडे कोळशाचे गोंडवाना थर. आणि मनसर-रामटेक-देवलापारच्या पट्ट्यात सौसर ग्रुपचे दगड, म्हणजे मायका शिस्ट (अभ्रकाचा पापुद्र्यांचा दगड), क्वार्टझाइट (भाजून कडक झालेला वाळूचा दगड), संगमरवर आणि त्यात मँगनीज, सगळं दाबलेलं, तापलेलं, एकदा नाही तर अनेकदा घड्या पडलेलं. इथे दीड तासाच्या अंतरात न वाकलेला दगड आणि पार पिळून निघालेला दगड, दोन्ही हाताने चाचपता येतात.

हे दगड नेमके कसे अभ्यासायचे ते आता बघू. कामाचा क्रम असा की आधी आकार मोजायचा, मग हालचाल ओळखायची, आणि सगळ्यात शेवटी कोणत्या जोराने हे झालं ते बोलायचं. भरपूर लोक उलट करतात, आधीच डोक्यात प्लेटांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची, टक्कर घेऊन जातात आणि मग प्रत्येक भेगेत तीच दिसायला लागते. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला एका दगडाचा उतार नीट मोजता येत नाही त्याने खंडांबद्दल बोलायची घाई करू नये, कारण खंडांबद्दलचं सगळं ज्ञान शेवटी अशाच हजारो छोट्या मोजमापांवर उभं आहे.

आधी घरची तयारी

फिल्डला निघायच्या आधी दोन संध्याकाळी नकाशांना द्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारे नकाशे) लागतील: नागपूर शहरासाठी ५५ ओ/४, रामटेक-मनसरसाठी ५५ ओ/७ आणि देवलापारकडे जायचं तर ५५ ओ/६. यांच्या ओपन सिरीजच्या प्रती ऑनलाइन मिळतात, पण त्यांचे नंबर थोडे वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात तेवढं बघून घ्या. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या भूकोश पोर्टलवर रजिस्टर केलं की भूशास्त्रीय नकाशे बघता येतात, उतरवून घेता येतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात नकाशा आणि उपग्रहाचा फोटो एकावर एक ठेवा, अवकाशातून मोजलेला एसआरटीएमचा उंचीचा डेटा घाला आणि हिलशेड (उतारांवर सावल्या पाडलेलं चित्र) करून बघा.

या चित्रात काय शोधायचं? लांबलचक सरळ कडा, अचानक वळणाऱ्या टेकड्यांच्या रांगा, ओढ्यांचे काटकोनात मोडणारे प्रवाह. सौसर पट्ट्यात क्वार्टझाइट कठीण असल्यामुळे ते टेकडी म्हणून उभं राहतं आणि शिस्ट झिजून सखल होतं, म्हणून टेकडीची रांग वळली की बहुतेक वेळा थर वळलेला असतो. रांगा साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य धावताना दिसतील, ही सातपुड्याची दिशा. जिथे रांग घोड्याच्या नालेसारखी वळून परत येते तिथे पेन्सिलने गोल करा, पहिल्या दिवशी तिथेच जायचं.

जमेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीमध्येच जा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि तापलेल्या क्वार्टझाइटवर हात टेकवत नाही. पेंचकडचा भाग व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते. मनसरची मँगनीज खाण मॉइल या सरकारी कंपनीची आहे, आत जायचं तर कंपनीची लेखी परवानगी घ्या, कॉलेजच्या पत्रावर काम सोपं जातं. रामटेकच्या गडावर, मनसरच्या उत्खननाच्या जागेवर आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावर हातोडी बाहेर काढायचीच नाही.

सोबत काय घ्यायचं

ब्रंटन कंपास मिळाला तर उत्तम, महाग वाटला तर साधा क्लायनोमीटर कंपास (दिशा आणि उतार दोन्ही मोजणारा) पुरतो. मोबाइलवर फिल्डमूव्ह क्लायनोसारखी अ‍ॅप्स आहेत, झटपट मोजतात, पण सकाळी काम सुरू करताना आणि मधून मधून एकाच पृष्ठभागावर कंपास आणि फोन दोन्ही लावून बघा, कारण फोनचा सेन्सर गरम झाला किंवा कव्हरमध्ये लोहचुंबक असला की आकडा बिनधास्त चुकतो. हातोडी, १० पट भिंग, पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची छोटी बाटली (संगमरवर फसफसतो, क्वार्टझाइट नाही), पर्मनंट मार्कर, कडक पुठ्ठ्याची वही, रंगीत पेन्सिली, टेप, डोळ्याला चष्मा. पाणी सांगायला नकोच.

कंपासबद्दल एक गोष्ट नागपूरकरांनी खास लक्षात ठेवायची. नागपूरला चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात फरक फार थोडा आहे, एक अंशाच्या आत, त्यामुळे साध्या कामाला दुरुस्ती नाही केली तरी चालतं. पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि सौसर पट्ट्यातल्या मँगनीज खनिजांमध्ये जॅकोबसाइट चांगलंच चुंबकीय आहे, अशा दगडाला कंपास चिकटवला की सुई भरकटते. म्हणून दगडावर वही ठेवा, वहीच्या वर कंपास, आणि दोन पावलं मागे सरकून लांबूनही दिशा घेऊन बघा. हातोडी आणि बाइक दूर ठेवा.

दगडासमोर उभं राहिल्यावर

पहिला प्रश्न, हा दगड जागचाच आहे का? सुटून घरंगळलेल्या धोंड्यावर मोजमाप घेणं म्हणजे दिवस वाया. आजूबाजूच्या तीन-चार जागी तोच थर त्याच दिशेने दिसतो का ते बघा, मगच कंपास काढा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड, समोर ज्या समांतर रेषा दिसतायत त्या मूळ थरांच्या आहेत की दाबामुळे आलेल्या पत्र्यांच्या? मूळ थरात दगडाची जात बदलते, एक पट्टा वाळूचा, दुसरा चिखलाचा, तिसरा चुन्याचा. दाबाने आलेली पत्री रचना, म्हणजे फोलिएशन, ही अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेला लागल्याने येते आणि ती थरांना कापूनही जाऊ शकते. मनसरच्या शिस्टमध्ये चमचमणाऱ्या अभ्रकामुळे फोलिएशन लगेच दिसतं, थर मात्र शोधावा लागतो, त्यासाठी क्वार्टझचा किंवा मँगनीजचा वेगळ्या रंगाचा पट्टा पकडून त्याच्यामागे चालत जा. गोंडाइट मिळालं तर फारच छान, त्यात क्वार्टझ आणि मँगनीजचा गार्नेट असतो, भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवर १९०९ साली जे मोठं काम छापलं त्यात याचं सविस्तर वर्णन आहे.

दोन्ही रचना सापडल्या तर दोन्ही मोजायच्या, कारण त्यांचं आपसातलं नातं फार कामाचं आहे. थर आणि फोलिएशन एकाच दिशेला उतरत असतील आणि फोलिएशन जास्त उभं असेल तर तुम्ही घडीच्या सरळ बाजूवर आहात. थरच जास्त उभा असेल तर ती बाजू बहुधा उलटलेली आहे, म्हणजे जुना थर वर आणि नवा खाली. याची खात्री मूळ गाळाच्या खुणांवरून करायची, क्रॉस-बेडिंग (थराच्या आतल्या तिरक्या रेघा) कुठे वाचली असेल तर, किंवा कणांचा आकार एका थरात खालून वर बारीक होत जातो का ते बघून. सौसरच्या दगडात भाजून निघाल्यामुळे या खुणा कमी उरल्यात, म्हणून एखादी सापडली की फोटो, स्केच आणि जागा तिन्ही नोंदवा.

स्ट्राईक, डिप आणि रेषा

झुकलेल्या पृष्ठभागावर आडवी रेष काढली तर ती ज्या दिशेला जाते ती स्ट्राईक, आणि त्या रेषेला काटकोनात पृष्ठभाग आडव्यापासून जितका खाली उतरतो तो कोन म्हणजे डिप. आडवी रेष सापडत नसेल तर दगडावर पाण्याचे थेंब सोडा, पाणी ज्या बाजूला पळतं ती डिपची दिशा, तिला काटकोनात स्ट्राईक. पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्यावर वही दाबून धरा आणि वही मोजा.

नोंद करताना एकच पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मी डिपची दिशा आणि डिप अशी जोडी लिहायला सांगतो, उदाहरणार्थ ३३०/६०, म्हणजे ३३० अंशाकडे ६० अंश उतार. गोंधळ होत नाही आणि कॉम्प्युटरलाही तसंच देता येतं. एका जागी एकच रीडिंग घेऊन पुढे पळू नका, चार-पाच घ्या, दगड नैसर्गिकच लहरी असतो.

मग रेषा मोजा. अभ्रक किंवा लांबट खनिजं एका दिशेला ओढलेली असतात, फॉल्टच्या गुळगुळीत पाटीवर रेघोट्या असतात, घडीचा कणा, म्हणजे तिच्या वळणावरची रेघ, स्वतः एक रेषा असतो. रेषेसाठी दोनच आकडे, ती कोणत्या दिशेला बुडते आणि किती अंशाने. नवीन पोरं पृष्ठभाग मोजतात आणि रेषा सोडून देतात, जे खरंच नुकसानीचं आहे, कारण दगड कुठे सरकला हे रेषाच सांगते.

वहीचं पान उभं दुभागून घ्या, डावीकडे जे दिसलं आणि मोजलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हा फॉल्ट तुम्ही पाहिला की अंदाज केला, तर उत्तर पानावर असलं पाहिजे.

घड्या वाचताना

इथे वेळ द्या, अगदी दिवसभर एका उघड्या दगडापाशी बसलात तरी चालेल. घडीच्या दोन बाजू, त्यांच्यामधला वळणाचा भाग म्हणजे हिंज, आणि सगळे हिंज जोडणारी पातळी म्हणजे अ‍ॅक्सिअल प्लेन, हे तिन्ही मोजायचे. नंतर थराची जाडी बघा. वळणावर आणि बाजूंवर जाडी सारखीच असेल तर थर कठीण असताना वाकला. वळणावर जाड आणि बाजूंना पातळ झाला असेल तर दगड गरम आणि मऊ असताना अक्षरशः वाहिला. एकाच घडीत क्वार्टझाइटचा थर जाडी टिकवून आणि शेजारचा शिस्ट फुगून-चेपून गेलेला दिसेल, यावरून त्या वेळी कोण किती कडक होतं ते कळतं. काही ठिकाणी कडक पट्टा ताणला जाऊन तुकड्या-तुकड्यांत तुटतो आणि मधल्या फटीत मऊ दगड शिरतो, याला बुडिनाज म्हणतात, ताण कोणत्या दिशेला पडला ते लगेच समजतं.

आता सगळ्यात कामाचा नियम. पम्पेली नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये नोंदवलं की एकाच दाबात तयार झालेल्या छोट्या घड्या मोठ्या घडीचंच रूप दाखवतात, त्यांचे कणे आणि पातळ्या एकाच दिशेला असतात. म्हणजे टेकडीएवढी घडी डोळ्यात मावत नसली तरी हातभर घडीचा कणा मोजून तिचा अंदाज येतो. शिवाय छोट्या घड्या इंग्रजी एस सारख्या दिसतात की झेड सारख्या हेही लिहा, पण नेहमी कण्याच्या बुडत्या दिशेला तोंड करून. मोठ्या घडीच्या एका बाजूला एस, दुसऱ्या बाजूला झेड, आणि वळणाजवळ एम. चालता चालता एस चे झेड झाले की समजा मधे कुठेतरी मोठ्या घडीचं वळण तुम्ही ओलांडलंत, परत मागे जा आणि शोधा.

सौसरमध्ये गंमत अशी की एका घडीवर दुसरी घडी पडलीय. पहिल्या घड्या इतक्या घट्ट आहेत की दोन्ही बाजू समांतर दिसतात, त्यांना पुढच्या पूर्व-ईशान्येच्या दिशेच्या उभ्या घड्यांनी वाकवलंय, आणि त्यावर त्या दिशेला आडव्या जाणाऱ्या हलक्या घड्या. क्रम लावायची युक्ती सोपी आहे, जी रचना वाकलेली आहे ती आधीची आणि जिने वाकवलं ती नंतरची. जी शीर किंवा पेगमटाइटची (मोठ्या स्फटिकांचा दगड) भिंत घड्यांना सरळ कापून जाते ती घड्यांच्याही नंतरची, आणि जी स्वतः वाकलीय ती आधीची.

देवलापारचा भाग तर इतिहासात नोंदला गेलाय. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३० च्या दशकात तिथल्या दगडांवरून मांडलं की इथे थरांची चादरच्या चादर दुसऱ्या थरांवर सरकून बसलीय, ज्याला नॅप म्हणतात, आल्प्समध्ये पाहिलेली गोष्ट नागपूर जिल्ह्यातल्या प्राचीन दगडांत. सतरंजी भिंतीकडे ढकलली तर आधी वळ्या पडतात आणि मग एक वळी दुसरीवर चढून आडवी होते, तसंच, फक्त इथे जाडी शेकडो मीटरची. नंतरच्या लोकांनी यावर वाद घातलेत, आणि तुम्ही तिकडे जाल तेव्हा कोणाचं खरं हे ठरवायच्या आधी वरचा थर खालच्यापेक्षा खरंच जुना आहे का हे स्वतः तपासा.

फॉल्ट आणि शिअर झोन

फॉल्ट म्हणजे नुसती भेग नाही, दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या पाहिजेत. नुसती भेग असेल तर ती जॉइंट. बेसॉल्टमध्ये ज्या उभ्या भेगा आणि खांबासारखे आकार दिसतात ते लाव्हा थंड होताना आकसल्याने, त्यांचा प्लेटांशी संबंध जोडू नका. पण तोच बेसॉल्ट जर एका सरळ पट्टीत चुरा झालेला असेल, पाटीवर रेघोट्या आणि छोट्या पायऱ्या असतील, तर थांबा आणि मोजा. वरचा ठोकळा खाली सरकला तर नॉर्मल फॉल्ट, म्हणजे ताण. वर चढला तर रिव्हर्स, म्हणजे दाब. बाजूला सरकला तर स्ट्राईक-स्लिप.

खोलात गेलं की दगड तुटत नाही, वाहतो. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, आणि ३०० अंशांच्या आसपास क्वार्टझ मऊ वागायला लागतं, म्हणजे अंदाजे १० ते १२ किलोमीटर खोलीला फॉल्टच्या जागी जाड पट्टा तयार होतो, त्याला शिअर झोन म्हणायचं. त्यातला दगड, मायलोनाइट, बारीक कणांचा आणि पट्टेदार असतो, मधेच फेल्डस्पारचे डोळ्यासारखे दाणे ज्यांच्या शेपट्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली ओढलेल्या. त्या शेपट्यांवरून वरचा भाग कोणत्या दिशेला सरकला ते कळतं, पण बघायचं ते ओढलेल्या रेषेला समांतर आणि फोलिएशनला काटकोनात कापलेल्या बाजूवर, दुसऱ्या कुठल्याही बाजूवर बघाल तर फसाल. नागपूरच्या उत्तरेला सातपुड्यात गाविलगड-तान शिअर झोन आहे, शेकडो किलोमीटर लांब, छिंदवाड्याकडच्या कन्हानच्या खोऱ्यात त्याचे मायलोनाइट दिसतात.

संध्याकाळी टेबलावर

मोजलेले आकडे स्टिरिओनेटवर, म्हणजे दिशा आणि उतार मांडायच्या गोल जाळीवर, टाका. रिक ऑलमेंडिंगर यांचं स्टिरिओनेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण पहिल्या काही वेळा ट्रेसिंग पेपर आणि टाचणी घेऊन हाताने करा, नाहीतर डोक्यात चित्र बसत नाही. समजा घडीची उत्तरेकडची बाजू ३३०/६० आणि दक्षिणेकडची १९०/६०. दोन्ही पातळ्या काढल्या की त्या जिथे छेदतात तो घडीचा कणा, या उदाहरणात २६० अंशाकडे साधारण ३१ अंश बुडणारा. पटत नसेल तर हिशोब करा: दोन्ही डिप-दिशांच्या बरोबर मधली दिशा २६०, प्रत्येकीपासून ७० अंशावर, ६० चा टॅन गुणिले ७० चा कोसाइन म्हणजे ०.५९, त्याचा कोन ३०.६. म्हणजे ही पश्चिमेकडे बुडणारी, वर फुगलेली घडी, आणि नकाशावर तिचं नाक (वळणाचं टोक) पश्चिमेला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर एक तर मोजणीत काही गडबड आहे किंवा मधून फॉल्ट गेलाय, दोन्ही शक्यता धरून परत जा.

थराची खरी जाडीही काढून ठेवा: सपाट जमिनीवर स्ट्राईकला काटकोनात रुंदी १०० मीटर आणि डिप ३० असेल तर जाडी १०० गुणिले ३० चा साइन, म्हणजे ५० मीटर. मग उभा छेद काढा, म्हणजे जमीन उभी कापली तर आत थर कसे दिसतील त्याचं चित्र. छेदाला एक कडक परीक्षा लावायची, सगळ्या घड्या उलगडून आणि फॉल्ट मागे सरकवून थर पुन्हा आडवे केले तर सगळ्या थरांची लांबी जुळते का? ज्या छेदात वरचा थर ५ किलोमीटर आणि खालचा साडेतीन निघतो आणि त्याला काही कारण नाही, तो निसर्गात असूच शकत नाही, कितीही सुंदर रंगवला असला तरी.

प्रयोगशाळा, आणि एक प्रयोग घरचा

नमुना आणताना तो जागेवर असतानाच त्यावर मार्करने स्ट्राईक-डिपची खूण करा आणि वरची बाजू लिहा, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या दिशांना काही अर्थ उरत नाही. त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली बघतात. ताण सोसलेलं क्वार्टझ एकदम काळं न होता लाटेसारखं काळं होत जातं. गार्नेटच्या आत अडकलेल्या कणांची रेघ वळलेली असेल तर गार्नेट वाढत असतानाच दगड हलत होता. वय काढायला झिरकॉन आणि मोनाझाइट ही खनिजं, यांतल्या युरेनियमचं शिसं होण्याचा वेग माहीत आहे, युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात.

दगड दाबून बघण्याचे प्रयोगही जुने आहेत. फॉन कारमान यांनी १९११ मध्ये संगमरवराच्या नळकांड्याला चारही बाजूंनी दाब देऊन वरून चिरडलं, बाजूचा दाब कमी असताना ते फुटलं आणि वाढवल्यावर न फुटता फुगलं. प्रयोगशाळा एक गोष्ट देऊ शकत नाही ती म्हणजे वेळ. खोलवरचा दगड सेकंदाला १ भागिले १ वर १४ शून्य इतक्या संथपणे आकार बदलतो, तरी १० लाख वर्षांत ते जवळजवळ ३० टक्के होतं.

घरी करायचा असेल तर कोरडी वाळू आणि आपली नेहमीची रांगोळी घ्या. काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या लांबट पेटीत वाळूचा थर, त्यावर रंगीत रांगोळीची पातळ रेघ, पुन्हा वाळू, असे सहा-सात थर, एकूण चार-पाच सेंटिमीटर. एका टोकाची फळी हळूहळू आत ढकला. आधी फुगवटा येतो, मग साधारण ३० अंशांचा फॉल्ट फुटतो आणि थर एकमेकांवर चढतात, आणखी ढकललं की त्याच्या पुढे नवा फॉल्ट. प्रत्येक सेंटिमीटरला बाजूने फोटो काढा. वाळूच का, तर एवढ्या लहान आकारात वरच्या कवचाशी तिची ताकद प्रमाणात जुळते, हे हबर्ट यांनी १९३७ मध्ये गणिताने दाखवलं. शाळकरी पोरांसमोर करा, डोळे विस्फारतात.

आता मोठं चित्र

एवढं झालं की मग प्लेटांकडे वळायचं. सौसरच्या घड्या, शिअर झोन, गरम झालेले ग्रॅन्युलाइट दगड हे सगळं एका पट्ट्यात लागतं, त्याला सेंट्रल इंडियन टेक्टॉनिक झोन म्हणतात. उत्तरेला बुंदेलखंडचं प्राचीन खंड, दक्षिणेला बस्तरचं, आणि मधे ते एकमेकांना शिवले गेले ती शिवण. सौसरच्या दगडांना शेवटची मोठी उष्णता साधारण १०० कोटी वर्षांपूर्वी लागली असं त्यांतल्या खनिजांची वयं सांगतात. कोणतं खंड कोणाखाली गेलं यावर अजून एकमत नाही. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेने मुंगवानी ते राजनांदगाव अशी भूकंपलहरींची रेषा घेऊन जमिनीच्या आतले परावर्तन मोजले तेव्हा शिवणीच्या दोन बाजूंना विरुद्ध दिशांना उतरणाऱ्या रचना दिसल्या, आणि त्यांचा अर्थ लावण्याचं काम चालूच आहे. तुमच्या वहीतली शिअरची दिशा या वादात खरोखर कामाची आहे.

त्या मानाने बेसॉल्ट सोपं बोलतो. लाव्हा थंड होताना त्यातलं मॅग्नेटाइट त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला लागतं. त्या दिशेचा कल, म्हणजे आडव्यापासूनचा कोन, ४५ अंशांच्या आसपास निघाला तर नियम असा की कलाचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट, म्हणजे अक्षांश सुमारे २६.६. दख्खनच्या लाव्ह्याचे आकडे साधारण याच घरात येतात आणि तो अक्षांश दक्षिण गोलार्धातला. आज नागपूर २१ उत्तरेला. एकूण जवळजवळ ४८ अंश, अंशाला १११ किलोमीटर धरले तर ५,३०० किलोमीटर, ६.६ कोटी वर्षांत, म्हणजे सरासरी वर्षाला ८ सेंटिमीटर. सेमिनरी हिल्सच्या दगडावरून हे कळतं, मला आजही याचं अप्रूप वाटतं.

दुसरे पुरावे याला जुळतात. वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं त्यात जीवाश्मांचा मोठा आधार होता, आणि ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं आपल्याकडच्या कामठी-सिलेवाड्याच्या थरांत मिळतात तशीच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकातही. आपल्याकडची पानं गोळा करणाऱ्यांत पहिले होते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, तो हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग कण्याच्या (समुद्राखालची डोंगररांग) मोजणीवरून. आणि आता जीपीएसची स्टेशनं रोज सांगतात की भारत युरेशियाकडे वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटर सरकतोय, तर बेंगळुरू आणि हैदराबादमधलं अंतर मात्र जवळपास जसंच्या तसं आहे, प्लेट आतून कडक आहे.

कडक आहे म्हणजे निवांत आहे असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत ६.२ चा धक्का बसला, अगदी उथळ, आणि सुमारे १० हजार माणसं गेली. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा, पण ३५ किलोमीटरच्या आसपास खोलीवरून, नर्मदेच्या दक्षिणेकडच्या जुन्या फॉल्टवर. दोन्ही वेळी हालचाल रिव्हर्स, म्हणजे दाबाची, जो दाब थेट हिमालयाच्या टकरीतून येतो. भूकंपाच्या लहरींवरून फॉल्टची पातळी आणि सरकण्याची दिशा काढतात, बीच बॉलसारखं काळं-पांढरं चित्र असतं, आणि ते वाचायला जे लागतं ते तुम्ही स्टिरिओनेटवर आधीच शिकलेलं आहे. यूएसजीएस या अमेरिकन भूशास्त्रीय संस्थेच्या साइटवरून जबलपूरच्या भूकंपाचं हे चित्र उतरवून घ्या, दोन्ही पातळ्या आपल्या नेटवर टाका, आणि त्यांची स्ट्राईक तुम्ही रामटेककडे मोजलेल्या फोलिएशनच्या स्ट्राईकशेजारी लिहून बघा.